धामणीचे दिवस

परवा एका तरुण सर्पमित्राचं रील पाहिलं. गळ्यात सात फुटी धामण, मागे पुंगीचं फिल्मी संगीत, खाली हजारो बदाम. बघून डोकं फिरलं, म्हणून हे जुनं दप्तर उघडलं.

लिनियसने १७५८ साली धामणीचं शास्त्रीय नामकरण केलं. पुढची दोनशे वर्षं आमच्या गावात तिच्या वाट्याला काठीच आली. १९७२ साली वन्यजीव कायदा झाला, पण तो आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही.

खरं दशक ऐंशीचं. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ सापांसोबत ७२ तास राहिले आणि आमच्यासारखी कॉलेजची पोरं वेडावली. उसना स्लाइड प्रोजेक्टर घेऊन आम्ही शाळाशाळांतून हिंडायचो. प्रश्न ठरलेले. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते ना? अहो, चोखायला तिला ओठ कुठे आहेत? आणि ते आत वळलेले दात सडाला लागल्यावर म्हैस गप्प उभी राहील? नाग-धामणीचा लाग लागतो म्हणे. ती दोन नर धामणींची कुस्ती असते, हे सांगितलं की म्हातारी माणसं रागवायची. त्या जोडीवर नवं कापड टाकून ते पेटीत जपणारी माणसं ती, त्यांचा राग मी समजू शकतो. ‘पोरं बिघडवता’ म्हणून आम्हाला हाकलणाऱ्या विज्ञानशिक्षकाला मात्र अजून माफ केलेलं नाही. त्यात १९८६ला ‘नगिना’ हा नागिणीचा सिनेमा आला आणि आमची वर्षभराची बडबड तीन तासांत पुसून गेला. त्याच वर्षी कात्रजचं सर्पोद्यान निघालं, हीच काय ती भरपाई.

धामण दिवसाउजेडी फिरते, उंदरामागे थेट बिळात शिरते, त्याला अंगाखाली दाबून जिवंत गिळते. कोंडीत सापडली की मान फुगवून गुरगुरते. या आवेशापायीच नाग समजून किती मेल्या असतील!

आता काठी कमी झाली, हे मान्य. लोक सर्पमित्राला फोन करतात. पण बांध फोडून प्लॉट पाडले, कडब्याच्या गंजी गेल्या, गोदामागोदामांत उंदरांसाठी विषाच्या वड्या आल्या. तसला उंदीर धामणीच्याही पोटात जातो. पकडलेली धामण नेऊन सोडतात ती कुठल्यातरी डोंगरावर. तिथे उंदीर आहेत का, पाणी आहे का, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.