जुन्या जीपगाडीचे ब्रेक

शेतकऱ्याच्या घरीं जुन्या जीपगाडीचा मान अद्यापि टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं तयार झालेल्या विलिस जीपची परंपरा आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें पुढें चालविली, आणि त्या जातीच्या गाड्या आजहि कित्येक वस्त्यांवर चालू आहेत. इंजिनाचा आवाज बदलला कीं मालक मेस्त्रीकडे धांव घेतो. ब्रेकाकडे मात्र पेडल तळाला टेकेपर्यंत लक्ष जात नाहीं. कारण ब्रेक एका दिवसांत बिघडत नाहीं. तो हळूहळू सैल होतो, आणि मालकाच्या पायालाहि त्याची संवय होत जाते.

या गाडीच्या चारी चाकांत लोखंडी ड्रम असून त्याच्या आंत दोन कमानदार शू असतात. पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरांतील तेल नळ्यांवाटे चाकांपर्यंत जोर पोंचवितें, शू पसरतात, आणि त्यांवरील लायनर ड्रमला घासून चाक थांबतें. लायनर झिजला कीं शू व ड्रम यांतील अंतर वाढतें व तें भरून काढण्यांतच पेडलाची चाल खर्ची पडते. कित्येकांस अशा वेळीं पेडलाला दोन-तीनदां पंप मारून काम भागविण्याची खोड असते. ताशी ३६ किलोमीटर वेगानें चाललेली गाडी एका सेकंदांत १० मीटर पुढें जाते. पंप मारण्यांत गेलेला तो सेकंद समोर आलेल्या लेंकराच्या जिवावर बेतूं शकतो.

पेडलाची भाषा ओळखावी. पहिल्या दाबांत खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबांत वर येत असेल, तर जुळणी हवी. स्पंजासारखें मऊ लागल्यास तेलांत हवा शिरली आहे. दाबून धरलें असतां सावकाश खालीं बसत गेल्यास तेल गळत आहे, अगर मास्टर सिलिंडरांतील रबर निकामी झालें आहे. गाडी एका बाजूस ओढत असल्यास जुळणी असमान आहे, किंवा एखाद्या लायनरला तेल लागलें आहे. हवा, गळती व तेलकट लायनर हे दोष जुळणीनें जात नाहींत. त्यांसाठीं मेस्त्रीच पाहिजे. जुन्या जीपच्या चारी चाकांचें तेल एकाच सिलिंडरांतून जात असल्यामुळें एका ठिकाणची गळती चारी ब्रेक घालविते, हें विसरूं नये.

जुळणीपूर्वीं एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागील शाफ्टवर असतो. मागचें एक चाक जॅकवर उचललें कीं तें मोकळें फिरूं शकतें, आणि शाफ्ट जखडलेला असूनहि गाडी घसरूं शकते. म्हणून जागा सपाट घ्यावी, जमिनीवरील चाकांस दोन्ही बाजूंनीं दगडांची उटी लावावी, आणि उचललेल्या भागाखालीं भक्कम ठोकळा दिल्याखेरीज हात आंत घालूं नये. त्यानंतर हँडब्रेक सोडावा, म्हणजे मागचें चाक फिरवून पाहतां येतें.

ड्रम थंड असावा. चाकाच्या आंतल्या बाजूस पत्र्यावर वरच्या भागीं दोन षट्कोनी डोकीं दिसतात. प्रत्येक डोकें एकेका शूचें. कुलपी नट असल्यास तो आधीं सैल करावा. एका हातानें चाक फिरवीत दुसऱ्या हातानें पान्यानें एक डोकें फिरवावें. शू ड्रमला लागून चाक जड झालें कीं थांबावें, आणि चाक पुन्हां मोकळें फिरेल इतकेंच मागें घ्यावें. मग दुसरा शू तसाच जुळवावा. पत्र्याच्या खालच्या बाजूच्या पिना मात्र हलवूं नयेत. त्यांचें काम मेस्त्रीचें. चारी चाकें झाल्यावर पेडलास सुमारें अर्धा इंच मोकळी चाल उरली आहे ना, हें पाहावें.

येथें लोभ आंवरावा. अधिक आंवळल्यानें ब्रेक अधिक चांगला होत नाहीं. चाक घासत राहतें, ड्रम तापतो, लायनर जळतो. खरें महत्त्व समानतेचें आहे. चारी चाकें सारखीं जुळलीं तरच गाडी सरळ थांबते. शेवटीं रिकाम्या रस्त्यावर बैलगाडीच्या चालीनें दाबून पाहावें, मगच वेग वाढवावा.

तेल ब्रेकचेंच घालावें. इंजिनचें तेल वा रॉकेल यांनीं आंतील रबरें फुगून नासतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. ड्रममधील धूळ फुंकून न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी. ओढ्यांतून गाडी काढल्यावर हळू चालवीत पेडल हलकेंच दाबून लायनर कोरडे करून घ्यावे. घाट उतरतांना खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरूं द्यावी.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं नूतन करतांना तिची तपासणी होते व पुढें दर ५ वर्षांनीं होते. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत लायनर झिजावयाचा थांबत नाहीं. यास्तव पेरणीपूर्वीं एकदां व सुगी सुरू होण्यापूर्वीं एकदां, असे वर्षांतून दोन वेळ हें काम करण्याचा नेम आमच्या वाचकांनीं ठेवावा. तास-दोन तासांचें हें काम असून त्यावर गाडींत बसणाऱ्या सर्वांचा जीव अवलंबून आहे.