देवणीचा देवणीकर कधी होतो?

मराठवाड्यात आडनाव सांगितले की समोरचा गाव ओळखतो. औसा म्हणजे औसेकर, निलंगा म्हणजे निलंगेकर, उदगीर म्हणजे उदगीरकर, देवणी म्हणजे देवणीकर. मात्र या ओळखीत काही गैरसमज मिसळलेले असतात.

गैरसमज : ज्या गावाचे आडनाव, त्या गावी घर.
वस्तुस्थिती : देवणीत सगळेच देवणीचे. तिथे कुणाची देवणीकर म्हणून ओळख काय पटणार? 'कर' बहुधा वेशीबाहेर लागतो. देगलूर नांदेड जिल्ह्यात. पण कीर्तनकार धुंडा महाराज देगलूरकरांचे नाव पंढरपूरशी जोडले गेले, तर मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकरांचे पुण्याशी. इंग्लंडमध्येही गावांची आडनावे माणसांबरोबर हिंडली. ईशान्येकडच्या वॉशिंग्टन गावावरून एका घराण्याने नाव घेतले, ते नाव व्हर्जिनियात पोचले आणि शेवटी अमेरिकेच्या राजधानीला मिळाले.

गैरसमज : आडनाव एक, म्हणजे भाऊबंद.
वस्तुस्थिती : एका गावातून वेगवेगळ्या जातिधर्मांची घरे बाहेर पडली, तर परगावी सगळ्यांना तोच 'कर' लागू शकतो. इंग्रजी 'स्मिथ'चा अर्थ लोहार. गावोगावी लोहार होते, म्हणून एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली स्मिथ घराणीही पुष्कळ. भाऊबंदकी ठरवायला आडनाव पुरत नाही.

गैरसमज : पाटील, कुलकर्णी, देशमुख या जाती.
वस्तुस्थिती : ही वतनाची पदे. पाटील गावचा कारभार बघे, कुलकर्णी हिशेब लिही, देशमुखाकडे परगणा असे. पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आणि मुसलमानांतही आहेत. वतने स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेली, आडनावे राहिली. पाटील इतके झाले की पुढे गाव जोडावे लागले : १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर.

गैरसमज : आडनावे अनादी काळापासून ठरलेली.
वस्तुस्थिती : जुन्या मराठी कागदांत माणूस अनेकदा 'अमुक बिन तमुक, मौजे अमुक' असा येतो. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव. एवढ्यावर काम भागे. शाळेच्या पटावर आणि सरकारी दप्तरात एकच आडनाव कायमचे लिहिले जाऊ लागले, तेव्हा ते घट्ट झाले. इंग्लंडमध्येही आडनाव बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू, काही शतकांत रुजली.

देवणीचे नाव 'कर' न लावताच सर्वांत लांब नेले ते इथल्या गोवंशाने. जाणकार शेतकरी त्यात काळ्या-पांढऱ्या तोंडाचा वानेरा, ठिपक्यांचा शेवरा, पांढरा बालंक्या असे भेद करतो. मुलूख ओलांडला की तिघांचे नाव एकच : देवणी.