पिता, पुत्र आणि पंडिता

निगडी-तळवड्याकडून आलं की देहू लागतं. इंद्रायणी ओलांडून येलवाडीच्या अंगानं पुढं गेलं की चाकणच्या कारखान्यांची रांग सुरू होते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या ऐन मध्ये तुकोबांचं गाव आहे. आता या गावाचा आणि ख्रिस्ती धर्मातल्या भांडणांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. देव एक की तीन, आणि त्याला हाक कुठल्या चालीत मारायची, हे दोन्ही प्रश्न पुणे आणि नगरच्या माणसांनी किती निकरानं लढवले आहेत, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

आधी मूळ पेच. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्माही देव. तरी देव तीन नाहीत, एकच. याला मराठी ख्रिस्ती माणूस त्रैक्य म्हणतो. आपल्याला चटकन दत्तगुरू आठवतात आणि आपण समजल्यासारखी मान डोलावतो. ती घाई आहे. एकाच देवानं आळीपाळीनं घेतलेली तीन रूपं, असं म्हटलंत तर चर्च त्याला पाखंड म्हणतं. तीन वेगळे देव एकत्र नांदतात म्हटलंत तर तेही पाखंड. या दोन खंदकांच्या मधून जी अरुंद वाट जाते, तिचं नाव त्रैक्य.

ती आखायलाच चौथं शतक गेलं. अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणाला, पुत्र पित्यापासून झाला, म्हणजे तो नव्हता असाही काळ असणार. तर्क तसा सरळ. पण त्यावरून साम्राज्य दुभंगायची वेळ आली. सन 325 मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाईननं निकायाला बिशपांची परिषद भरवली आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरलं. ठरलं म्हणजे मिटलं नाहीच. 381 मध्ये कॉन्स्टन्टिनोपलला पुन्हा बसावं लागलं. त्या काळचा निस्साचा ग्रेगरी वैतागून लिहितो, की या शहरात पावाचा भाव विचारला तर उत्तर येतं, पिता थोर आणि पुत्र त्याहून कमी. पिंपरीच्या मंडईत मेथीची जुडी केवढ्याला विचारावी आणि भाजीवालीनं द्वैत-अद्वैत काढावं, तसं!

पंधराशे वर्षांनी हाच वाद इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पुन्हा पेटला, आणि पेटवणारी होती अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. पंडिता रमाबाई. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे हे मूळचे काशीतले शास्त्री, पुढं ख्रिस्ती झालेले आणि पुण्याच्या पंचहौद मिशनशी निगडित. त्यांच्या युक्तिवादानं आपलं ब्राह्मो मत हललं, असं रमाबाईंनीच नोंदवलं आहे. एका चित्पावन शास्त्र्यानं दुसऱ्या चित्पावन पंडितेला अँग्लिकन चर्चच्या दारापर्यंत आणावं, ही एकोणिसाव्या शतकाची करामत.

दारातून आत आल्यावर मात्र रमाबाई अडल्या. येशूला त्यांनी मानलं. पण तो पित्याच्या बरोबरीचा देव हे त्यांना पटेना. अनेक देवांच्या पूजेतून बाहेर पडून मी एका देवाकडे आले, मग पुन्हा तीन कशाला? त्यात अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावावर खपणारा (त्यानं न लिहिलेला) एक विश्वासाचा अंगीकार होता. वर्षातल्या तेरा सणांना तो म्हणायचा, आणि त्यात त्रैक्य न मानणाऱ्याला तारण नाही असं स्वच्छ बजावलेलं. तो तर खुद्द इंग्रजांच्याही घशात अडकत होता. त्यावर तिथं 1870च्या दशकात मोठा वाद झाला होता.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचा आग्रह असा, की आधी चर्चची आज्ञा ऐक, समज मागून येईल. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र शंकेला शंका मानून शांतपणे लिहीत. रमाबाईंनी दोघींना उत्तरं दिली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्याच्या जोखडात ती घालणार नाही, असा त्यांचा रोख. हा पत्रव्यवहार पुढं अ. भि. शहांनी संपादित केला आणि 1977 मध्ये तो छापून आला. मला विचाराल तर धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा त्रैक्याचा पेच इथं जास्त जिवंत दिसतो, कारण इथं हरण्याजिंकण्यात एका बाईचं सगळं आयुष्य गुंतलेलं आहे.

याच पत्रांत उपासनेचाही वाद आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का? लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतात नाही, असं त्या विचारतात. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. सिस्टरांना त्यात गर्व दिसला. विश्वास स्वीकारला की पेहराव, ताट आणि भाषाही स्वीकारायची का, हा प्रश्न रोमला ऐकू यायला आणखी आठ दशकं लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. 1969 मध्ये भारतासाठी बारा बदल मंजूर झाले: मांडी घालून बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडणं, मेणबत्तीच्या जागी समई, आरती. गंमत म्हणजे विरोध केला तो इथल्याच अनेक कॅथलिकांनी. त्यांना वाटलं, आपल्याला पुन्हा हिंदू करताहेत.

मराठीत मात्र ही वाट जुनी. फादर स्टीफन्स यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण 1616 मधलं, गोव्यातलं. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळींत टिळकांआधी कृष्णराव सांगळ्यांनी पदं रचली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तर अभंग, भजन, कीर्तन असं सगळं वारकऱ्यांचं भांडवल चर्चमध्ये आणलं. परक्या चालीवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळीला टाळ मिळाले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही कल्पना. ती मिशनऱ्यांना झेपण्यातली नव्हती, आणि टिळकांनाही वेळ मिळाला नाही. 1919 मध्ये ते गेले. त्यांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्सलो यांनी 1920 मध्ये भारतीय चर्चसाठी वेगळा उपासनाविधी हवा असं पुस्तकच काढलं, आणि 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला, जो पुढं पुण्यात नांदला.

रमाबाईंचं काय झालं? भारतात परतल्यावर 1891च्या सुमारास, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, आधी केवळ धर्म सापडला होता, आता ख्रिस्त सापडला. त्रैक्याची भांडणं मागं पडली. दौंडच्या वाटेवरच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1905 मध्ये तिथं शेकडो मुलींनी एकाच वेळी मोठमोठ्यानं, रडत, हात उंचावत प्रार्थना सुरू केली. ठरलेला विधी नाही, पुस्तक नाही. दुष्काळातून आलेल्या पोरींची ती उपासना कुठल्याच बिशपानं मंजूर केलेली नव्हती.

मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं. छपाईचे खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. क्रूसावर संस्कृत हवं म्हणून भांडलेल्या पंडितेनं त्यात काय करावं? जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द शोधून शोधून बाहेर काढले, खेड्यातल्या बाईला कळेल एवढंच ठेवलं. टिळक तुकोबांचा पूल बांधत होते त्याच वर्षांत, त्याच मुलखात, रमाबाई आपल्या बाजूचा पूल मोडत होत्या.