न्यूयॉर्कचे वार्तापत्र : आग लागल्यावर जागा होणारा कायदा

न्यूयॉर्कमध्ये घरपोच जेवण आणून देणारे सुमारे ६५ हजार लोक आहेत. बहुतेक जण बांगलादेश, मेक्सिको, ग्वाटेमाला किंवा पश्चिम आफ्रिकेतून आलेले. दिवसभर ई-बाइक दामटायची आणि रात्री चारपाच जणांच्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपायचे. अनेकदा बॅटरी जुने सेल जोडून बनवलेली आणि चार्जर भलत्याच कंपनीचा. एक सेल आतून शॉर्ट होऊन तापला की शेजारचा पेटतो. जळत्या सेलमधून विषारी, ज्वालाग्राही वायू सुटतात आणि काही क्षणांत खोली पेट घेते. बॅटरी दाराशी ठेवलेली असली तर पळायची वाटच बंद.

२०२३ साली अशा २६८ आगींत १८ माणसे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हार्लेममधल्या इमारतीत एक तरुण भारतीय पत्रकार दगावला.

वाचकाला प्रश्न पडेल, असा माल बाजारात येतोच कसा? तर इथे बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंना विक्रीआधी सरकारी परवानगी लागतच नाही. ग्राहक-सुरक्षेचा केंद्रीय आयोग १९७२ पासून आहे, पण त्याचा भर उद्योगांनी स्वखुशीने पाळायच्या मानकांवर. त्यातून अपघात झालाच, तर माल परत मागवायचा. ‘यूएल’ हे प्रसिद्ध सुरक्षाचिन्हही सरकारी नाही. विमा कंपन्यांच्या पाठबळावर १८९४ साली शिकागोत सुरू झालेल्या प्रयोगशाळेचे ते चिन्ह. आपल्याकडच्या आयएसआयसारखेच वजन त्याला आहे, एवढेच.

वॉशिंग्टन हलेना म्हणून शहरानेच कायदा केला. १६ सप्टेंबर २०२३ पासून यूएलच्या मानकांनुसार प्रमाणित नसलेली ई-बाइक वा बॅटरी इथे विकता येत नाही. पुढच्या वर्षी आगी घटल्या नाहीत, उलट २७७ झाल्या. मृत्यू मात्र सहावर आले. रस्त्यावर चार्जिंगची सोय आणि जुनी बॅटरी देऊन प्रमाणित बॅटरी घेण्याची योजना शहराने आखली, तीही उशिराच. माझ्या मते खरे काम तेच आहे. शेकडो डॉलरची बॅटरी घ्या, असे रोजंदारीवरच्या माणसाला नुसते बजावून काय होणार?

मुलगा किंवा मुलगी इथे शिकायला येणार असेल तर एवढे जरूर सांगा : स्वस्तातली जुनी ई-बाइक घेऊ नका, आणि खोलीतल्या सोबत्याची बॅटरी दारापाशी चार्ज होत असेल तर भिडेखातर गप्प बसू नका.