उत्सवानंतरचा दिवस

मार्गशीर्ष वद्य दशमी ही श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांची पुण्यतिथी. २२ डिसेंबर १९१३ रोजी, याच तिथीच्या पहाटे, महाराजांनी देह ठेवला. सातारा-पंढरपूर वाटेवरील गोंदवल्यास या दिवशी रामनामाचा जो घोष चालतो, तो ज्याने एकदा ऐकला त्याला तो विसरणे अवघड. पुण्यतिथीस रजा न मिळालेली नोकरदार मंडळी पुढे एखादा शनिवार-रविवार गाठून तेथे जातात, दोन दिवस जप करतात, प्रसाद घेतात आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतात.

यात कोणी काही उणे मानू नये. महाराजांनी नाम दिले ते प्रामुख्याने प्रापंचिकांनाच. ते स्वतः गृहस्थाश्रमी होते. १८७६-७७ च्या दुष्काळात माणदेश होरपळत असता त्यांनी आपल्या शेतात मातीची कामे काढून भुकेल्यांना अन्न दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नाम आणि अन्नदान यांची ती सांगड गोंदवल्यास आजही टिकून आहे.

साताऱ्याच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात, उमदी हे गाव आहे. श्रीभाऊसाहेब महाराज उमदीकर येथलेच. गोंदवलेकर महाराजांच्या निर्वाणानंतर महिनाभरानेच, जानेवारी १९१४ मध्ये, इंचगेरी येथे तेही समाधिस्थ झाले. निंबर्गीच्या महाराजांकडून आलेली नामध्यानाची परंपरा त्यांनी शेतकरी, कारकून, शिक्षक अशा संसारी माणसांच्या हाती दिली. ठरल्या वेळी ध्यान, भजन आणि समर्थांच्या दासबोधाचे वाचन असा हा नेम आहे. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारे गुरुदेव रा. द. रानडे हे त्यांचेच शिष्य. प्राध्यापकी आणि नामस्मरण एका देहात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी आयुष्यभर दाखविले.

संसारी माणसाला साधनेसाठी मोजका अवकाश काढून देण्याची ही कल्पना परधर्मीयांतही आढळते. स्पेनच्या मायोर्का बेटावर १९४४ साली कॅथलिक मंडळींनी तीन दिवसांच्या साधना-शिबिराची प्रथा सुरू केली. पुढे अमेरिकेतील ल्यूथरपंथीयांनी ती आपल्या पद्धतीने स्वीकारली व तिला ‘व्हिया डे क्रिस्टो’, म्हणजे ख्रिस्ताचा मार्ग, असे नाव दिले. गुरुवारी सायंकाळी जमावे आणि रविवारी घरी परतावे, असा तेथील सर्वसाधारण क्रम. प्रवचने केवळ धर्मोपदेशकच करतात असे नाही. साधे गृहस्थ आणि गृहिणीही आपला अनुभव सांगतात. शिबिरानंतरच्या उरलेल्या सर्व आयुष्यास ते ‘चौथा दिवस’ म्हणतात. त्या दिवसात एकमेकांना धीर देण्यासाठी लहान लहान गट पुन्हा पुन्हा भेटत राहतात.

उपासना निराळी, दैवत निराळे. तरी हा ‘चौथा दिवस’ आम्हांस फार मोलाचा वाटतो. गोंदवल्याहून परतणाऱ्या प्रत्येकासमोर तोच उभा असतो. तेथे माळ सहज फिरते, कारण तेथील हवाच तशी आहे. घरी मात्र वीजबिल, मुलांची परीक्षा, वृद्धांचे औषधपाणी आणि शेजाऱ्याशी झालेली कुरबूर वाट पाहत असतात. साधनेचा कस लागतो तो तेथे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सुचवावीशी वाटते. घरातील एक जण दोन दिवस नामात रमतो, तेव्हा बहुधा घरातलीच कोणी तरी माउली मागे राहून चूल, गोठा आणि आजारी माणूस सांभाळीत असते. त्या साधनेत तिचाही वाटा आहे. परतलेल्या साधकाने प्रसादाची पुडी तिच्या हाती द्यावी, हे तर खरेच. पण पुढच्या खेपेस घर आपण सांभाळून तिला गोंदवल्यास पाठवावे, ही त्याहून मोठी सेवा होय.

या दशमीस ज्यांना जाणे घडेल ते भाग्यवान. ज्यांना घडणार नाही त्यांनी पहाटे देवापुढे निरांजन लावून घरीच जप करावा. एकादशीचा सूर्य मात्र दोघांनाही सारखाच उगवणार आहे. त्या दिवशी आपल्या तोंडून घरच्यांना गोड शब्द ऐकू आला, तर उत्सव पावला असे आम्ही समजू.