टीव्हीला डबा घ्यायचाय? आधी घरात बघायचं काय, ते मोजा

शेगावहून बोलतोय. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोललेलं सगळं इथे लिहून देतोय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. "दादा, टीव्ही चांगला आहे, पण स्मार्ट नाही. स्टिक घेऊ, अँड्रॉइड बॉक्स घेऊ की मिनी पीसी?" दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी एका वाक्यात उत्तर दिलं असतं: स्वस्त मिळेल तो घे. मी स्वतः तेच केलं, आणि घरची एक हार्ड डिस्क घालवून बसलो. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

एक ओके आणि सगळं साफ

बाबांकडे एक टीबीची डिस्क होती. तिच्यात आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवरून उतरवलेली, हँडीकॅमवर काढलेली पंढरपूरला निघालेली महाराजांची पालखी, आणि ओव्या म्हणणारी आजी. आजी आता नाही.

मी ऑनलाइन एक बिननावाचा डबा मागवला. खोक्यावर "८के" लिहिलेलं, किंमत दोन हजारांच्या आत. दिवाळीत सगळे जमलेले, डिस्क लावली, तर स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी विचारलं. मामा म्हणाले, "काही नाही होत बाप्पा, हो म्हण." मी ओके दाबलं. दोन मिनिटांनी डिस्क रिकामी. आई विचारते, "काहून रे, आजी काहून दिसून नाही राह्यली?" मला उत्तर देता येईना.

झालं काय होतं? अँड्रॉइडला डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावला की ती दोन प्रकारे वापरता येते. एक, फक्त फायली बघायच्या. दुसरा, डब्याचीच जास्तीची मेमरी म्हणून वापरायची. दुसरा पर्याय निवडला की डब्याला ती डिस्क आधी पुसावी लागते, आणि मग ती त्याच डब्यापुरती कुलूपबंद होते. स्क्रीनवर "फॉरमॅट" किंवा "डिव्हाइस स्टोरेज" हे शब्द दिसले की मागे या. ओके दाबायचं नाही.

आम्ही डिस्क लगेच काढली, म्हणून थोडं वाचलं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पुसलेल्या डिस्कवरून फायली शोधून काढतं. फायलींची नावं गेली होती, एकेक उघडून बघावी लागली. आजीचा एक व्हिडिओ मिळाला. दुसरा नाही मिळाला.

कागद घ्या, यादी करा

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकलो. डबा शेवटी निवडायचा असतो. आधी एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे घरात कोण कोणतं ॲप बघतं: आईची मालिका झी५वर, बाबांचं क्रिकेट जिओहॉटस्टारवर, तुमचं यूट्यूब. उजवीकडे स्वतःच्या फायली: लग्न, बारसं, पालखी, फोनमधले व्हिडिओ. कोणता रकाना भरतो, त्यावरून डबा ठरतो.

हो, आणि प्लॅनही तपासा. रिचार्जबरोबर मिळणारे बरेच ओटीटी प्लॅन फक्त मोबाइलपुरते असतात. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. चार हजारांची स्टिक घेतल्यावर हे कळलं तर डोक्याला हात लावून बसाल.

हॉटस्पॉटवर टीव्ही बघणार असाल तर हिशेब करा. नेटफ्लिक्सच्याच म्हणण्याप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे रोजचा २ जीबी डेटा चाळीस मिनिटांत संपला. घरी फायबर नसेल तर ४केच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही.

डावा रकाना भरला असेल तर: आधी परवाना बघा

आपण प्रोसेसर, रॅम, ४के, ८के बघतो. पण ओटीटीचं चित्र किती स्वच्छ दिसेल, हे बऱ्याचदा परवान्यावर ठरतं. ओटीटी कंपन्यांना आपला सिनेमा कुणी कॉपी करू नये असं वाटतं. अँड्रॉइडवर त्यासाठी गूगलची वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था आहे. तिची एल१ पातळी असेल तर कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं, आणि एचडी, ४के चित्र मिळतं. एल३ असेल तर नेटफ्लिक्स, प्राइमसारखी ॲप्स साधारण ४८०पीवर अडकतात. चिप कितीही दमदार असू द्या, चित्र धूसरच.

हे आज रात्री स्वतःच्या फोनवर बघता येईल. प्ले स्टोअरवर "डीआरएम इन्फो" ॲप आहे, त्यात "सिक्युरिटी लेव्हल"समोर एल१ किंवा एल३ लिहिलेलं दिसेल.

आपल्याकडचं उदाहरण देतो. शेगाव कचोरीची पाटी आता गावोगावी दिसते. पाटी बघून चव कळते का? नाही ना. "अँड्रॉइड बॉक्स" हीसुद्धा नुसती पाटी आहे. अँड्रॉइडचा मूळ कोड मोफत आहे, कुणीही घेऊन डब्यात घालू शकतं. गूगलने तपासून मान्यता दिलेला अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही ही वेगळी गोष्ट. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी अँड्रॉइड टीव्हीच्या साइटवर आहे, तिथे बघून घ्या. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक गूगलच्या मान्यतेवर चालत नाही, पण मोठी ओटीटी ॲप्स तिच्यासाठी खास बनवलेली असतात, त्यामुळे तिच्यात ही अडचण येत नाही.

स्वस्त डब्याची खरी किंमत

"धूसर तर धूसर, स्वस्त तर आहे ना," असं वाटेल. पण पुढचं ऐका.

जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासकाला टी९५ नावाच्या स्वस्त डब्यात आधीपासूनच घातलेलं मालवेअर सापडलं. डबा खोक्यातून नवा काढलेला, आणि आतला चोर कारखान्यातूनच आलेला! पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्यूमन सिक्युरिटी या कंपनीने अशा डब्यांच्या जाळ्याचा अहवाल काढला आणि त्याला नाव दिलं बॅडबॉक्स. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने आपल्या देशातल्या सुमारे ३०,००० उपकरणांचा चोरांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सावध केलं, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने हे जाळं चालवणाऱ्यांवर खटला भरला. तेव्हा गूगलने सांगितलेला आकडा होता एक कोटीहून जास्त उपकरणं.

हे डबे करतात काय? तुम्ही मालिका बघत असता आणि मागे डबा गुपचूप जाहिरातींवर क्लिक करत असतो. त्याहून वाईट म्हणजे तुमचं वायफाय परक्या माणसांना भाड्याने दिलं जातं. कुणी त्या वाटेने फसवणूक केली तर पत्ता तुमच्या घरचा दिसणार. आणि त्याच वायफायवर आपला यूपीआयचा फोनही जोडलेला असतो, हे विसरू नका.

उजवा रकाना भरला असेल तर: मिनी पीसी

स्वतःच्या फायली जास्त असतील तर स्टिक तोकडी पडते. बहुतेक स्टिकला पेन ड्राइव्हसाठी जागाच नसते, ओटीजी केबलचा खटाटोप करावा लागतो. इथे मिनी पीसी कामाला येतो.

त्यात एकच गोष्ट नीट तपासायची: व्हिडिओ उलगडण्याची सोय चिपमध्येच आहे का. व्हिडिओ फाइल म्हणजे घडी घालून दाबून भरलेलं पातळ समजा. घडी घालायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच२६४ ही जुनी, सगळीकडे चालणारी. एचईव्हीसी त्यानंतरची, बरेच फोन ४के व्हिडिओ याच पद्धतीने साठवतात. एव्ही१ या तिन्हींत सगळ्यात नवी, यूट्यूब ती वापरतं. चिपला घडी उलगडता आली तर व्हिडिओ लोण्यासारखा चालतो. नाही आली तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडखळतं आणि पंखा ओरडायला लागतो.

इंटेलची एन१०० चिप जानेवारी २०२३ मध्ये आली. तिला हे तिन्ही कोडेक उलगडता येतात आणि ती वीजही कमी खाते. खामगावच्या मित्राकडे तिचा मिनी पीसी आहे, त्यावर त्याने कोडी घातलंय. कोडी फुकट आहे, फायली पोस्टरसकट मांडून दाखवतं. रास्पबेरी पाय ५ सुद्धा चालतो, पण त्यात एचईव्हीसीची सोय आहे, एव्ही१ची नाही.

मग सगळ्यांनी मिनी पीसीच घ्यावा का? नाही. त्यावर लिनक्स घातलं की झी५, जिओहॉटस्टार ब्राउझरमध्ये बघावं लागतं, आणि मोठ्या ओटीटींचं ४के तिथे मिळत नाही. शिवाय आईच्या हातात रिमोटऐवजी कीबोर्ड-माउस येतो. आमच्याकडे हे एक दिवसही चाललं नसतं.

विजेचाही हिशेब सांगतो. मिनी पीसी १० वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला साधारण ७ युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॅट धरला तर तेच ५० युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणा, उत्तर समोर येईल.

आपल्याकडचं ऊन आणि वीज

मे महिन्यात इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे. टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून बसलेली स्टिक तापते, आणि तापली की स्वतःच वेग कमी करते. स्टिकबरोबर एचडीएमआयची छोटी जोडवायर येते, ती लावून स्टिक टीव्हीपासून जरा दूर लोंबकळू द्या.

स्टिक सारखी बंद-चालू होत असेल तर आधी वायर बघा. टीव्हीच्या यूएसबीवर ती लावली असेल तर पुरेशी वीज मिळत नसेल. सोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीत लावा. आणि लाइट वारंवार जात असेल तर मिनी पीसी आणि डिस्क इन्व्हर्टरवर घ्या. लिहिता लिहिता वीज गेली की फायली खराब होतात, मेमरी कार्डवर चालणाऱ्या पायला तर हा त्रास जास्त.

आमच्या घरी शेवटी काय झालं

तो डबा मी वायफायवरून काढला आणि बंद करून ठेवला. पुढच्या खोलीत आता चांगल्या कंपनीची स्टिक आहे, आई-बाबा तीच वापरतात. फायलींसाठी नवीन काही घेतलंच नाही. घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली, त्यात व्हीएलसी टाकलं, पालखी मस्त दिसते. तुम्हीही खरेदीच्या आधी हे करून बघा. कदाचित तुमचे पैसे वाचतील.

पण एक काम आजच करा, डबा घ्या की न घ्या. घरचे व्हिडिओ एकाच डिस्कवर असतील तर त्यांची दुसरी प्रत काढा आणि ती वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्याशिवाय ती डिस्क कुठल्याही नव्या डब्याला लावू नका. डबा परत घेता येतो हो. आजीचा तो दुसरा व्हिडिओ मला कुठून आणता येणार?

चला, तुमची दोन रकान्यांची यादी कमेंटमध्ये टाका, काय घ्यावं ते मी जमेल तसं सांगतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. जय गजानन!