वीर स्टेशनची ‘अठरा’ची सायकल

महाडला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा १९९३ साली सुरू झाला तो रोहा ते वीर, ४७ किलोमीटरचा. तेव्हापासून महाडकरांना गाडी मिळाली, पण स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटर लांब. २०२१ साली याच रोहा-वीर मार्गाचं दुपदरीकरणही पूर्ण झालं. पुढच्या दहा-बारा किलोमीटरचं मात्र अजून तेच: पॅसेंजरमधून उतरायचं, रिक्षात बसायचं आणि ती भरेपर्यंत वाट बघायची.

अशाच एका भरत न आलेल्या रिक्षात बसलेलो असताना समोरून एक तरुण घडीची सायकल उलगडून महाडच्या दिशेने निघून गेला. चाकं वीस इंची, पोरांच्या सायकलीएवढी. पाय नावापुरते हलत होते आणि आवाज काहीच नव्हता. नंतर त्याला गाठून विचारलं तेव्हा कळलं की वीरजवळच्या एका वाडीत एक काका पडवीत बसून अशा मोटार लावलेल्या सायकली करून देतात. काकांनी या म्हटलं, वर एक अटही घातली: “बोलायला येऊ नका, बघायला या. तारा भरताना मी बोलत नाय.”

पडवीत पाऊल टाकताच पहिल्यांदा जाणवतो तो वास. सोल्डरच्या पेस्टमधली राळ तापली की येतो तो. खाली सारवलेल्या जमिनीची ओल, वर राळेचा धूर. घरी आल्यावरही तो शर्टाला होता. काका आधी महाडच्या बाजारपेठेत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचे. जुलै २०२१च्या महापुरात दुकान गेलं. आता सगळी हत्यारं माणसाच्या डोक्याच्या उंचीला खुंट्यांवर टांगलेली असतात. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी आलेली सायकल माणगावहून रोज वीरला उतरणाऱ्या एका मुलाची होती. महाडला एका दुकानात हिशेब लिहितो. त्याचा आग्रह एकच: “काका, पंचविसावर बसवा ना.”

“अठरा,” काका म्हणाले.

हा आकडा त्या दिवसभरात मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी हिशेब करून पाहिला. बाजारात मिळणारी २५० वॅटची हब मोटार, म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसणारी, बहुधा सव्वीस इंची चाक डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. ती मिनिटाला साधारण २०० फेरे घेते. सव्वीस इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरहून थोडं जास्त जातं, म्हणून ताशी २५ किलोमीटर. वीस इंची चाक जातं दीड मीटर. फेरे तेवढेच, वेग अठरा. पण वेगात जे गेलं ते जोरात मिळतं: तीच मोटार लहान चाकाला सुमारे तीस टक्के जास्त रेटा देते. चढावर मोटार धापा टाकत नाही, तापत नाही. मुलाला हे पटलं नव्हतं. मला पटलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला चाकाच्या तारांत. मोटारीचा तुंबा वाटीएवढा मोठा आणि रिम लहान, त्यामुळे मधे जागा उरते ती वीतभरही नाही. तयार तारा लांब पडतात. काका एकेक तार साडेपाच इंचांच्या आसपास कापून तिला पुन्हा आटे पाडतात. छत्तीस तारा. एरवीच्या चाकात एक तार तिघींना ओलांडून जाते, इथे एकीलाच. जास्त तिरकी गेली तर निपलपाशी वाकते आणि महिन्याभरात तिथेच तुटते. मग आउट काढणं. चाक उलट्या सायकलवर फिरवायचं, चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ खडू धरायचा, जिथे खडू लागेल तिथली पलीकडच्या बाजूची निपल पाव फेरा घट्ट. तासभर त्यांनी खरंच तोंड उघडलं नाही.

बाकीची जोडणी भराभर झाली. पेडलच्या धुरीवर लोहचुंबकांची चकती आणि तिच्याशेजारी सेन्सर, ब्रेक दाबताच मोटार बंद करणाऱ्या मुठी, सीटखालच्या पिशवीत कंट्रोलर. पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड वायरींचे रंग जुळवूनही चाक गुरगुरलं, थरथरलं आणि थांबलं. “रंगावर विश्वास नाय ठेवायचा,” म्हणत काकांनी दोन वायरींची अदलाबदल केली. चाक फिरलं. प्रत्येक वायरीला जोडाच्या आधी खाली झोका दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकेल, जोडात शिरणार नाही. वर व्हॅसलीनचं बोट. इथल्या पावसात तांब्याला हिरवं यायला एक श्रावण पुरतो.

बॅटरी ते स्वतः बांधत नाहीत, तयार आणतात: ३६ व्होल्ट, आत तीस सेल, दहा-दहांच्या तीन रांगा. पूर्ण भरायला एक तृतीयांश युनिट वीज. थोडे पाय मारले तर महाडला जाऊन-येऊन भागतं. फुगलेला सेल काढून नवा घाला म्हणणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवतात.

सायकलला बॅटरी जोडायची कल्पना काही आजची नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी बॅटरीवर चालणारी सायकलरिक्षा केली, ‘एलेक्शा’ नावाची. त्याबद्दल त्यांनी २००२मध्ये लिहिलंही. तिथे शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. आज बॅटरी दोन किलोंची, मोटार तीन किलोंच्या आत. एवढ्या वजनाने सायकलची घडी अजून उचलता येते, पॅसेंजरच्या दाराशी ठेवता येते.

मुलाने जाता जाता शेवटचं विचारलं, ५०० वॅटची मिळते ना? मिळते. पण कायद्याने २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही हद्द आहे. तिच्या आत राहिलं तर नोंदणी नको, लायसन्स नको. ओलांडली की ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते, मग नंबरप्लेट आणि विमा. काकांचा मुद्दा कायद्याचा नव्हताच. वीस इंची चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं. अठराला माणूस सावरतो.

महाडकडे जाताना हायवेवर ट्रेलरच्या शेजारून अठराने जाणं मला काही सुखाचं वाटत नाही, आणि चौपदरी रस्ता करताना सायकलवाल्याचा विचार कुणी केला होता असं दिसत नाही. तरीही रोज रिक्षा भरायची वाट बघणाऱ्याला ही सायकल परवडते. काकांच्या हिशेबाने बॅटरीसकट खर्च वीस हजारांच्या आत.

करून घ्यायची असेल तर आधी एक गोष्ट घरीच बघा. मोटार फिरते तेव्हा तिचा आस चिमट्यात उलटा फिरू पाहतो. काका त्याला लोखंडी पट्टीचा अडसर लावतात, पण चिमटाच ॲल्युमिनियमचा असेल तर तो न वाकता एकदम तुटतो, आणि चाक पुढचं असतं. चिमट्याला लोहचुंबक लावा. चिकटला नाही, तर वीरपर्यंत हेलपाटा घालू नका. काका त्या सायकलला हात लावत नाहीत.